लाजाळूपणापेक्षा परीक्षा आड येते
‘जपानी मुलं लाजाळू, म्हणून इंग्रजी बोलत नाहीत’ हे मत मला अर्धंच पटतं. जपानमधल्या हायस्कुलात मी इंग्रजीचा सहायक शिक्षक होतो. प्रश्न विचारला की मुलगी आधी मागे वळून मैत्रिणीशी कुजबुजायची, उत्तर पक्कं झालं की मगच बोलायची. चुकायची भीती असतेच.

पण खरी गोम विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत आहे. २०२१पासूनच्या सामायिक परीक्षेत इंग्रजी वाचनाला १०० गुण, ऐकण्याला १००, बोलण्याला काहीच नाही. खासगी चाचण्यांतून बोलणं तपासायचा बेत सरकारने २०१९च्या नोव्हेंबरात पुढे ढकलला, नंतर सोडूनच दिला. त्यामुळे शेवटच्या वर्षाची मुलं माझ्या तासालाही शब्दांची वही उघडून बसायची, आणि मला त्यांना कधीच रागवावंसं वाटलं नाही. बोलण्याचा खरा सराव पहिल्या वर्षाच्या वर्गांतच व्हायचा.