सॅटेलाइट फोनच्या कंपनीत पैसे टाकावेत का?

सह्याद्री७७:
धाकटा भाऊ कांगोत खाणीवर आहे, तिथे मैलोन्‌मैल टॉवर नाही, दर रविवारी सॅटेलाइट फोनवरून पाच मिनिटं बोलतो. तो म्हणतो आफ्रिकेत अशी हजारो गावं आहेत मग हा धंदा चालणारच ना. पाच लाख बाजूला पडलेत, अमेरिकेतला इरिडियमचा शेअर घ्यावा म्हणतोय. कोणी अभ्यास केलाय का?

दर्यावर्दी:
जहाजावर वर्षानुवर्षं इरिडियम वापरलाय. डेकवर यायचं, जाडी अँटेना ओढून उभी धरायची, स्क्रीनवर रजिस्टर झाल्याचं दिसेपर्यंत थांबायचं, केबिनमध्ये शिरलात की कट. मिनिटाला डॉलरच्या वर जातो. पण वादळात तोच एक आधार असतो, म्हणून वस्तू वाईट म्हणणार नाही.

दिघीकर:
सह्याद्री, आधी जुना इतिहास बघा. इरिडियम १९९८च्या नोव्हेंबरात सुरू झाली, ६६ उपग्रह, खर्च ५ अब्ज डॉलरच्या घरात, हँडसेट ३००० डॉलरचा. ऑगस्ट १९९९मध्ये दिवाळखोरी! आपल्या आयडीबीआयसारख्या वित्तसंस्थांचे पैसे त्यात होते, पुण्याजवळ दिघीला गेटवे, म्हणजे उपग्रहांना जमिनीवरच्या फोनजाळ्याशी जोडणारं केंद्र, उभा राहिला होता. फसवणूक झाली म्हणून इथल्या इरिडियम इंडिया कंपनीने, मूळ इरिडियम उभी करणाऱ्या अमेरिकन मोटोरोलावर पुण्यात फौजदारी केस टाकली, हायकोर्टाने ती रद्द केली, २०१०मध्ये सुप्रीम कोर्टाने परत जिवंत केली. ते पैसे शेवटी सामान्य माणसांच्या ठेवींचेच हो, आठवलं की अजून जीव तुटतो.
ज्याच्या गावात टॉवर नाही त्याच्या खिशात ३००० डॉलरही नसतात, आणि ज्याच्याकडे आहेत तो शहरात राहतो आणि तिथे साधा मोबाइल चालतो, गणित फसलं ते इथे. त्याच सुमारास बांगलादेशात ‘ग्रामीणफोन’ या मोबाइल कंपनीने गावातल्या बायकांना कर्जावर मोबाइल दिला, अख्खं गाव पैसे देऊन त्यावर बोलायचं. तो धंदा मात्र चालला.

मिरजकर_अ:
दिघीकरांशी सहमत, पण पुढचंही सांगायला हवं. २०००मध्ये नव्या मालकांनी तेच सगळे उपग्रह फक्त अडीच कोटी डॉलरला घेतले, लगेच अमेरिकन संरक्षण खात्याचं ७ कोटी २० लाख डॉलरचं कंत्राट मिळालं आणि कंपनी तगली. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या वनवेब कंपनीचंही तसंच, २०२०मध्ये बुडाली, मग एअरटेलवाल्या भारतीने आणि ब्रिटिश सरकारने मिळून विकत घेतली. म्हणजे पहिला पैसा टाकणारा बुडतो आणि दुसरा कमावतो. तेव्हा शेअर घेताना गरीब देशांतली गावं मोजू नका, कंपनीचं बिल कोण भरतं ते बघा, सैन्य, जहाजं, विमानं, खाणी. आणि भावाला सांगा तो फोन घेऊन भारतात येऊ नकोस, इथे परवानगीशिवाय चालत नाही, विमानतळावर धरतात.

सह्याद्री७७:
खूप आभार सगळ्यांचे. भावाला आत्ताच विचारलं, हँडसेट खाणीच्या ऑफिसचा आहे, बिल पण तेच भरतात. शेजारच्या गावातले लोक फोन लावायचा तर मोटरसायकलने टॉवर असलेल्या गावापर्यंत जातात म्हणे.