कंपनीने दिलेली सहा सेशन वापरावीत, की स्वतःच्या खर्चाने थेरपी सुरू करावी?

पिंप्राळेकर

नमस्कार. मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात अकरा वर्षांपासून नोकरीला आहे. गेल्या दिवाळीनंतर पाळ्यांचे वेळापत्रक बदलले, वरचे साहेबही बदलले, आणि तेव्हापासून माझी झोप मोडली आहे. सकाळच्या बैठकीआधी छातीत धडधडते आणि हात गार पडतात. मे महिन्यात जळगावात हात गार पडणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

कंपनीने एका बाहेरच्या संस्थेमार्फत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय केली आहे. वर्षाला सहा सेशन मोफत मिळतात, फोनवर किंवा व्हिडिओवर. त्यांपैकी माझी तीन झाली. झोपेत थोडा फरक पडला, हे मान्य करायला हवे. परंतु तिसऱ्या सेशनमध्ये बोलता बोलता वडिलांचा विषय निघाला. अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी कापसाचे पैसे मनासारखे आले नाहीत की वडिलांचा आवाज चढायचा आणि त्या रात्री घरात कोणी धड जेवत नसे. साहेबांनी आवाज चढवला की मला जे होते ते त्या रात्रींसारखेच असते, असे मी बोलून गेलो आणि माझे मलाच नवल वाटले. समुपदेशक बाईंनी शांतपणे सांगितले की हा विषय उरलेल्या तीन सेशनमध्ये मावणारा नाही, त्यासाठी दीर्घकाळ भेटू शकेल असे कोणीतरी शोधावे.

जळगावातच एका मानसशास्त्रज्ञांकडे चौकशी केली. आठवड्याला एक भेट आणि भेटीचे ८०० रुपये, म्हणजे महिन्याला ३२००. घराचा हप्ता आणि मुलीची फी भरून झाल्यावर ही रक्कम जड जाते. दुसरी धास्ती अशी की आमच्या एचआर विभागातील एक गृहस्थ माझ्या मावसभावाचे सोयरे आहेत. मी सेशनमध्ये जे बोललो ते कंपनीत कोणाला कळत असेल का? आणि उरलेली तीन सेशन वापरून पाहावे, की ती सोडून आताच खासगी थेरपी सुरू करावी?

खानदेशकन्या

मी धुळ्यातील एका कंपनीत एचआरचेच काम करते, त्यामुळे गोपनीयतेविषयी पलीकडच्या बाजूने सांगते. अशा योजनेत कंपनी बाहेरच्या संस्थेशी करार करते आणि त्या संस्थेकडून आमच्याकडे ठरावीक मुदतीने एकत्रित अहवाल येतो. किती जणांनी सेवा घेतली, किती तक्रारी कामाशी निगडित होत्या, किती घरच्या होत्या, एवढेच त्यात असते. कोण काय बोलले हे त्यात नसते आणि नसायलाच हवे. तरीही दोन ठिकाणी सावध राहावे. तुमचे युनिट लहान असेल, समजा साठ माणसांचे, आणि अहवालात 'एक कर्मचारी, कौटुंबिक कारण' असे आले, तर नाव नसूनही नाव कळते. लहान युनिटचे आकडे वेगळे दाखवले जातात का, हे संस्थेला सरळ विचारावे. विचारण्यात गैर काही नाही. दुसरे असे की आपण स्वतःहून फोन केला असेल तर गोष्ट वेगळी, आणि साहेबांनी लेखी शिफारस करून पाठवले असेल तर वेगळी. शिफारस असल्यास तुम्ही हजर राहिलात की नाही, एवढे कंपनीला कळवले जाऊ शकते. पहिल्या सेशनआधी जो संमतीचा अर्ज मोबाइलवर आला असेल, आणि जो आपण सगळेच न वाचता 'मान्य' करतो, त्यात हे लिहिलेले असते. तो पुन्हा मागवून वाचावा.

खासगी थेरपी घेतलीत तर तिची बिले कंपनीच्या वैद्यकीय परताव्यासाठी देऊ नका, कारण मग ती आमच्याच टेबलावर येतात. विम्याची फार आशाही धरू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण देणे बंधनकारक आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि आठवड्याची बोलण्याची भेट त्यात बसत नाही.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, धुळे

प्रश्न 'मोफत की पैसे देऊन' असा मांडला गेला आहे, तो मी थोडा फिरवून मांडते. तुमच्या सांगण्यात दोन वेगवेगळ्या गाठी आहेत. पाळी बदलणे, झोप मोडणे, नव्या साहेबांशी कसे बोलावे हे न सुचणे, ही अलीकडची आणि कामाला बांधलेली गाठ आहे. ती सुटायला सहा भेटी बऱ्याचदा पुरतात, कारण कंपनीची अल्पकालीन समुपदेशन सेवा नेमकी याच कामासाठी आखलेली असते. एक प्रश्न धरायचा, त्यावर दोन-तीन उपाय करून पाहायचे आणि निरोप घ्यायचा, अशी तिची पद्धत असते. वडिलांच्या आवाजाची गाठ मात्र पंचवीस-तीस वर्षांची आहे. ती सोडवताना आधी समोरच्या माणसावर विश्वास बसावा लागतो, मग कधीतरी ती उघडते, आणि उघडल्यावर काही आठवडे माणसाला आधीपेक्षा जास्त त्रास होऊ शकतो. म्हणून चौथ्या-पाचव्या सेशनला जुनी जखम उघडून सहाव्याला दार बंद करणे, हे मला योग्य वाटत नाही. तुमच्या समुपदेशक बाईंनी तिसऱ्याच सेशनला थांबवून सांगितले, यावरून त्यांना आपल्या कामाची मर्यादा कळते असे दिसते. सगळ्यांनाच ती कळते असे नाही.

त्यामुळे उरलेली तीन सेशन सोडू नका, पण ती झोप आणि बैठका यांच्यापुरतीच ठेवा. शेवटच्या सेशनमध्ये त्यांच्याकडून एक-दोन परिच्छेदांची नोंद लिहून घ्या: काय त्रास होता, काय करून पाहिले, कशाचा उपयोग झाला. ही नोंद तुमच्या हातात द्यायची, कंपनीकडे नाही. पुढच्या व्यक्तीकडे जाताना ती सोबत असली की पहिल्या दोन भेटी, म्हणजे तुमच्या हिशेबाने १६०० रुपये, सारे पुन्हा सांगण्यात जात नाहीत.

थेरपी दर आठवड्यालाच असते, हाही समज आहे. सुरुवातीला सहा-आठ आठवडे आठवड्याला भेटून पुढे पंधरा दिवसांवर जाणे अनेकांना परवडते आणि मानवतेही. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी जी पद्धत सीबीटी म्हणून ओळखली जाते, ती साधारण ६ ते २० भेटींत आटोपते; सगळ्याच थेरपी वर्षानुवर्षे चालतात असे नाही. मात्र ज्यांच्याकडे जाल त्यांचे शिक्षण विचारा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते आणि नोंदणी क्रमांक विचारला तर कोणी रागावू नये. 'समुपदेशक' हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो.

आणखी एक साधी गोष्ट, जी बोलण्याच्या नादात राहून जाते: धडधड होते तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब एकदा तपासून घ्या, आणि रात्रपाळीतले चहा मोजा. जगणे नकोसे वाटते असे विचार येत असतील तर सेशनचा हिशेब बाजूला ठेवून लगेच मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

तापीकाठ

मी भुसावळचा. मी दोन्ही केले आहे, म्हणून लिहितो. नोकरीच्या ठिकाणच्या सोयीत माझे तिसऱ्या फोननंतर समुपदेशकच बदलले आणि नव्या माणसाला पहिल्यापासून सगळे सांगावे लागले. ते सांगताना मी मनातून कंटाळलो आणि पुढचे दोन फोन घेतलेच नाहीत. दुसरी अडचण भाषेची. आमचे समुपदेशक हिंदीत बोलत. आजीच्या तोंडून ऐकलेले 'मना जीव घाबरस' हे वाक्य मी त्यांना 'घबराहट' म्हणून सांगितले, आणि त्या शब्दात आजीही नव्हती, माझा जीवही नव्हता. पुढे खासगीत ज्यांच्याकडे गेलो त्या अहिराणी समजणाऱ्या होत्या. पहिल्याच भेटीत मी अहिराणीत रडलो, हे लिहायला आता संकोच वाटत नाही.

परंतु डॉक्टर बाईंच्या म्हणण्याला एक पुस्ती जोडतो. मी चौदा महिने गेलो आणि त्यातले शेवटचे चार महिने आम्ही दोघेही केवळ सवयीने भेटत होतो. मी थांबण्याविषयी विचारले नाही, त्यांनी सुचवले नाही. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवून घ्या की आठ किंवा दहा भेटींनंतर एक भेट केवळ आढाव्यासाठी असेल. ऐनवेळी भेट रद्द केली तर पैसे लागतात का, हेही तेव्हाच विचारा. पाळी अचानक बदलणाऱ्या माणसाला हा नियम फार महागात पडतो. घरात दोनच खोल्या असतील तर फोनवरचे सेशन घरात घेऊ नका. मी नदीकाठी स्कूटर लावून घेत असे; वाऱ्याचा आवाज येई, पण आई ऐकत नसे.

सातपुडा गुरुजी

आम्हा नंदुरबारकडच्या शिक्षकांना कंपनीही नाही आणि सहा सेशनही नाहीत, त्यामुळे हा प्रश्न वाचून थोडा हेवा वाटला. मी सिव्हिलच्या मानसिक आरोग्य ओपीडीत जातो. औषधे नियमित मिळतात आणि डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर रांग असताना पाऊण तास बोलत बसणे शक्य नसते, आणि ते मागणेही मला बरे वाटत नाही. ज्यांना औषधाची गरज आहे त्यांनी औषधासाठी सिव्हिल आणि बोलण्यासाठी महिन्यातून एक-दोन खासगी भेटी अशी सांगड घालून पाहावी. माझे गेले वर्ष तसेच चालले आहे.

पिंप्राळेकर

सर्वांचे आभार. अर्ज पुन्हा मागवून वाचला. कंपनीला केवळ एकत्रित आकडे दिले जातात असे त्यात लिहिले आहे, पण लहान युनिटविषयी काहीच नाही, म्हणून तसे लेखी विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही. उरलेल्या तीन सेशनमध्ये झोप आणि बैठका एवढेच बोलायचे, हे समुपदेशक बाईंनाही पटले, आणि नोंद लिहून देण्यास त्या तयार आहेत. जळगावच्या मानसशास्त्रज्ञांनी पंधरा दिवसांनी एक भेट चालेल असे सांगितले, म्हणजे महिन्याला १६०० रुपये. सुरुवातीचे सहा आठवडे मात्र आठवड्याला यावे लागेल. त्यासाठी बायकोने तिच्या भिशीचे पैसे पुढे केले. त्यांना अहिराणी येते का, हे विचारायचे राहिले होते, म्हणून पुन्हा फोन केला. बोलता येत नाही, पण समजते, असे त्या म्हणाल्या. पहिली भेट येत्या गुरुवारी आहे. आईला दातांच्या डॉक्टरांकडे जातो असे सांगितले आहे. दर गुरुवारी कोणता दात दुखतो, हे ती लवकरच विचारील.