मदत हवी आहे: हिस्पॅनिक असोसिएशनच्या पॉटलकला काय नेऊ?

मंडळी, मी टेक्सासमध्ये एका सरकारी खात्यात आहे, आमच्याकडे हिस्पॅनिक (म्हणजे मूळ स्पॅनिश भाषिक देशांतल्या) कर्मचाऱ्यांची असोसिएशन आहे, मेंबर कोणीही होऊ शकतं म्हणून मीपण फॉर्म भरून टाकला. आता १५ सप्टेंबरला हिस्पॅनिक हेरिटेज मंथ (त्यांच्या वारशाचा महिना) सुरू होतोय (ग्वाटेमाला, होंडुरास धरून ५ देशांचा स्वातंत्र्यदिन त्याच दिवशी) आणि ऑफिसात पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) ठेवलंय. शेजारच्या डेस्कवरची ब्राझीलची बाई म्हणते, मी लॅटिना (लॅटिन अमेरिकेतली) आहे पण हिस्पॅनिक नाही, आम्ही पोर्तुगीज बोलतो! झालं, माझा अजूनच गोंधळ. पुरणपोळी नेली तर टॉर्टिया (मेक्सिकन पोळी) समजून वर तिखट साल्सा ओततील अशी भीती वाटते 😄 काय नेऊ? आणि स्पॅनिश ओला-ग्रासियासच्या पुढे येत नाही, तरी असोसिएशनच्या कमिटीत नाव द्यावं का? कोणी अशा कमिटीत काम केलंय का?