मदत हवी आहे: सोलापूर–मोपा (गोवा) विमानप्रवासाची नेमकी किती वेळ धरावी?

सर्वांना नमस्कार.

माझा सोलापुरात टर्किश टॉवेलचा व्यवसाय असून गोव्यातील काही हॉटेलांना माल दाखवण्यासाठी आम्ही आजवर सांगली-कोल्हापूर-आंबोली मार्गाने, म्हणजे साधारण चारशे किलोमीटर, गाडीनेच जात आलो आहोत. ९ जून २०२५ रोजी होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोव्याची थेट सेवा सुरू झाल्यापासून ४५० आणि ६०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन असलेल्या) नमुन्यांची एक पेटी घेऊन विमानाने जावे, असे मनात आहे.

अडचण आकड्यांची आहे. अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर सुमारे ३०५ किलोमीटर दिसतात, तर दुसऱ्यावर ३३५. उड्डाणास पंचवीस मिनिटे लागतात असे तिथे लिहिलेले आहे आणि तिकिटावर मात्र तासाहून अधिक वेळ दाखवली आहे. पणजीतील भेटीची वेळ ठरवताना यांपैकी कोणता आकडा धरावा, आणि इतकी तफावत कशामुळे पडते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

अंतरातील फरकाचे कारण सोपे आहे. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मोपाचा तिकिटावरील संकेत जीओएक्स (GOX) आहे आणि जुन्या दाबोळीचा जीओआय (GOI). ३०५ चा आकडा मोपाचा आणि ३३५ चा दाबोळीचा आहे. दोन्ही आकडे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेल्या थेट अंतराचे असल्यामुळे त्यांची तुलना रस्त्याच्या अंतराशी करू नये. तिकिटावर मोपाच लिहिले आहे ना, हे मात्र एकदा पाहून घ्यावे. टॅक्सी चुकीच्या विमानतळावर उभी राहिली तर वाचवलेला सगळा वेळ तिथेच जाईल.

पंचवीस मिनिटांचा आकडा जेट विमानाच्या वेगाने, ताशी सुमारे आठशे किलोमीटर धरून, नुसता भागाकार करून काढलेला असतो. या मार्गावर पंख्याचे एटीआर ७२ विमान असते आणि त्याचा स्थिर उड्डाणातील वेग ताशी पाचशेच्या आसपास असतो. म्हणजे हिशेबाने छत्तीस-सदतीस मिनिटे झाली. पण तीनशे किलोमीटरच्या प्रवासात बराचसा भाग चढण्यात आणि उतरण्यातच जातो आणि तेव्हा हा वेग मिळत नाही. शिवाय धावपट्टीच्या कोणत्या टोकाकडून उतरायचे हे वाऱ्यावर ठरत असल्याने काही वेळा वळसा पडतो. तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते, त्यात धावपट्टीपर्यंत जाणे-येणे आणि थोडी राखीव वेळही धरलेली असते. आपण तिकिटावरचीच वेळ धरावी. संकेतस्थळावरचा आकडा केवळ कुतूहल भागवण्यापुरता आहे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. पणजीतील भेट आता दुपारी ठेवतो. एकच शंका राहिली आहे. पावसाळ्यात वारे पश्चिमेकडून वाहतात, तेव्हा गोव्याहून परतताना वेळ कमी धरावी का?

प्रतिसाद २

तसे धरू नये. ताशी चाळीस किलोमीटरचा वारा पाठीशी असला तरी एवढ्या अंतरात तीन मिनिटांच्या आसपासच फरक पडतो, आणि तेवढी मिनिटे सामान येण्याची वाट पाहण्यातही जातात. त्यापेक्षा जाण्याच्या दिवसाकडे लक्ष द्यावे. गोव्याहून आलेले विमानच सोलापुरात थोडा वेळ थांबून परत फिरते, त्यामुळे पावसाळी धुक्याने तिकडे अडकलेले विमान इथेही उशिराच सुटणार. घरून निघण्यापूर्वी गोव्याहून येणारे विमान सुटले आहे का, हे पाहावे आणि मगच पणजीतल्या मंडळींना भेटीची वेळ पक्की कळवावी.