फायटरची पाचवी पातळी आधी पूर्ण करावी
डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रे रंगवून खेळायच्या खेळात चौथ्या पातळीवरच्या फायटर (लढवय्या) वर्गाच्या पात्राला पुढची पातळी बार्बेरियन (रानटी योद्धा) या दुसऱ्या वर्गाची द्यावी का, या प्रश्नावर माझे उत्तर नकारार्थी आहे. या खेळाच्या २०१४ च्या नियमांनुसार फायटरला पाचव्या पातळीवर आपल्या पाळीत दुसरा हल्ला मिळतो आणि सहाव्या पातळीवर दुसरी गुणवाढ (शक्तीसारखे मूळ गुण वाढवण्याची संधी), जिच्यासाठी इतर वर्गांना आठव्या पातळीपर्यंत थांबावे लागते. आताच वाट बदलली, तर हे दोन्ही लाभ लांबतात. राजारामपुरीतल्या आमच्या गटात माझ्या बॅटल मास्टरची (हा फायटरचाच एक उपप्रकार) शक्ती १६ वरून १८ झाली, तेव्हा हल्ला आणि इजा दोन्हींत एकेक गुण वाढला व प्रत्येक लढाईत उपयोगी पडला. (आपल्याकडे तालमीतही आधी जोर-बैठका, मग डाव.) रेज (बार्बेरियनचा लढाईतला त्वेष) हवाच असेल तर तो पाचव्या पातळीनंतर घ्यावा, मात्र जड चिलखत अंगावर असताना रेजचे लाभ मिळत नाहीत, हे आधी तपासावे.