मधुमालती आवरावी कशी?

प्रश्न: कुंपणाशी हौसेने लावलेली मधुमालती आता शेजारच्या झाडावर चढली असून कितीही छाटली तरी मुळांपासून नवे फुटवे येत राहतात. वेल मला अतिशय प्रिय आहे, परंतु तिच्या भाराखाली ते झाड दबून जाताना पाहवत नाही. काय करावे?

उत्तर: झाडावर चढलेल्या वेली कृपया ओढू नका, कारण त्यांच्याबरोबर झाडाच्या कोवळ्या फांद्याही मोडतात. वेली जमिनीलगत कापून वरचा भाग आहे तिथेच वाळू द्यावा आणि मग तुकडे करून सावकाश उतरवावा. फुटवे नुसते खुडून भागत नाही. माती ओली असताना ते मुळाच्या तुकड्यासह खणून काढावेत. मुख्य छाटणी बहर ओसरल्यावर करावी, कारण हिची फुले नव्या वाढीवर येतात.

दुसरे उत्तर: वरील सल्ला योग्यच आहे. मात्र वेल अँटिगोनन या गुलाबी फुलांच्या दुसऱ्या जातीची असती, तर तिचे जमिनीतील कंदही शोधून काढावे लागले असते, कारण कंद उरला की ती पुन्हा फुटते. मधुमालती ठेवायचीच असल्यास मोठ्या कुंडीत, स्वतंत्र मांडवावर लावावी. फक्त तळाच्या छिद्रांतून मुळे जमिनीत उतरत नाहीत ना, हे अधूनमधून पाहावे.