नाताळ आणि मुलं: 'जिंगल बेल्स'च्या पुढे काय ऐकवावं?

ओटीवरची_मांजर · १० डिसेंबर, रात्री ११.२०

मंडळी, मदत हवी आहे. बिल्डिंगमधली आठ मुलं २४ तारखेला संध्याकाळी आमच्याकडे येणार आहेत. वयं चार ते नऊ, त्यातली दोन माझीच. प्लम केक सांगून ठेवलाय, चांदणी लावून झाली. अडलंय ते गाण्यांपाशी. गेल्या वर्षी 'जिंगल बेल्स' सतरा वेळा वाजलं आणि शेवटी आमच्या ह्यांनी उठून स्पीकरच बंद केला.

मी सातवीपर्यंत पेटी शिकले. पाश्चात्य संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. पण कॉलेजात असताना मैत्रिणीने एकदा डिसेंबरात मुंबईच्या एनसीपीए कलाकेंद्रात कॉयर, म्हणजे समूहगान, ऐकायला नेलं होतं, तेव्हा अंगावर आलेला काटा अजून आठवतो. तसलं काही या पोरांना ऐकवता येईल का? फार तर पाऊण तास मिळेल.

एकच विनंती, अभ्यास नको. मागे एका वर्गात लेकीला 'लिसनिंग ॲक्टिव्हिटी' म्हणून बारा प्रश्नांचा कागद दिला होता. वाद्य कोणतं, भावना कोणती, रंग कोणता. तिने सगळीकडे 'निळा' लिहिलं आणि घरी येऊन म्हणाली, "आई, गाणं संपलं तरी प्रश्न संपतच नव्हते."

तिसरी_घंटा · ११ डिसेंबर, सकाळी ७.०५

निळा! पोरगी हुशार आहे.

बरीच वर्षं शाळेत संगीत शिकवतेय, त्यातून एवढंच कळलंय: एका तुकड्यात मुलांना एकच गोष्ट शोधायला द्यायची. दोन दिल्या की ती एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात. आणि तुकडा तीन मिनिटांच्या वर नको.

सुरुवात रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या 'नटक्रॅकर'ने कर. हा बॅले, म्हणजे नाचातून सांगितलेली गोष्ट, १८९२ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गला पहिल्यांदा झाला. गोष्ट नाताळच्या आदल्या रात्रीचीच आहे: एका मुलीला अक्रोड फोडायचा अडकित्ता भेट मिळतो, अडकित्ता म्हणजे लाकडी शिपाई, आणि रात्री तो जिवंत होतो. एवढं सांगून थांब. उंदरांच्या राजाशी लढाई वगैरे सांगत बसलीस तर मुलं गोष्टच मागत राहतील.

मग 'शुगर प्लम परीचा नाच' लाव, दोनेक मिनिटांचा. त्यात काचेच्या गोट्या सांडल्यासारखा जो आवाज येतो ती चेलेस्टा. दिसायला छोटा पियानो, पण आत हातोड्या तारांवर नाही, धातूच्या पट्ट्यांवर पडतात. चायकोव्हस्कीने १८९१ मध्ये ती पॅरिसला ऐकली, तेव्हा वाद्य नवंकोरं होतं. त्याने आपल्या प्रकाशकाला लिहिलं की एक मागवून घ्या, पण कोणाला दाखवू नका, रिम्स्की-कोर्साकोव्ह या दुसऱ्या संगीतकाराला तर नाहीच, नाहीतर तो माझ्या आधी वापरून मोकळा होईल. ही चोरीछुपेची गोष्ट मुलांना फार आवडते.

पण चेलेस्टा शोधायला देऊ नकोस, ती सगळ्यांनाच सापडते. परी बोलली की खालून कोणीतरी जाडजूड आवाजात घरंगळत उत्तर देतं. तो बास क्लॅरिनेट, खालच्या सुरातलं फुंकायचं वाद्य. "परीला उत्तर कोण देतंय? ऐकू आलं की जमिनीवर हात टेकवा." बस्स. पहिल्या खेपेला दोघांना सापडेल, दुसऱ्यांदा लावशील तेव्हा सगळे हात खाली.

त्यानंतर 'त्रेपाक', मिनिटभराचा रशियन नाच. त्यात काही शोधायचं नाही, नाचू दे. शेवटाकडे वेग वाढत जातो, तेव्हा टीपॉय आधीच बाजूला करून ठेव.

कट्टा_क्र_७ · ११ डिसेंबर, सकाळी ९.४८

आपल्या पोरांना भूप आणि दुर्गा ओळखता येत नाही आणि निघालेत चायकोव्हस्की ऐकवायला. चालू द्या.

ओटीवरची_मांजर · ११ डिसेंबर, सकाळी १०.१५

@कट्टा_क्र_७, लेकीला भूप येतो हो, आजी शिकवते. एकीकडचा कान दुसरीकडे चालत नाही असं थोडंच आहे.

@तिसरी_घंटा, फार आभार. अडकित्त्याचं ऐकून धाकटा आजीचा पानाचा अडकित्ता घेऊन बसलाय. लपवून ठेवावा लागला.

सूरधऱ्या · ११ डिसेंबर, दुपारी १.३०

कट्टा साहेबांचा मुद्दा उलटा करून सांगतो. आपल्या मुलांना काही ठिकाणी युरोपातल्या मुलांपेक्षा सोपं जाईल.

मी लग्नाकार्यात सनईला सूर धरतो. म्हणजे मुख्य सनईवाला वाजवतो आणि मी शेजारी बसून एकच षड्ज लावून धरतो, गाल फुगवून, तासन् तास. लोकांना वाटतं हा माणूस काहीच करत नाही. तर इटलीतही हेच चालायचं. अब्रुझीच्या डोंगरातले मेंढपाळ नाताळच्या सुमारास रोमला उतरायचे, दोघादोघांच्या जोडीने. एकाकडे पिफेरो, म्हणजे दुहेरी पातीचं वाद्य, आपल्या सनईचा चुलतभाऊच. दुसऱ्याकडे कातडी पिशवीचं झाम्पोन्या, ज्यातून सूर अखंड चालू. रस्त्यांवरच्या मेरीच्या मूर्तींसमोर उभे राहून वाजवायचे. तरुणपणी हँडल हा संगीतकार रोममध्ये होता. पुढे 'मसाया' हा ख्रिस्तावरचा ऑरटोरिओ, म्हणजे वाद्यवृंदासोबत गायची धार्मिक रचना, लिहिताना, मेंढपाळांना देवदूत दिसतात त्याच्या अगदी आधी त्याने एक छोटा वाद्यांचा तुकडा घातला आणि त्याला नाव दिलं 'पिफा'.

तो मुलांना ऐकवा आणि एकच विचारा: खाली तंबोऱ्यासारखं कोण धरून बसलंय? घरात आजी गाणाऱ्या असतील तर मूल लगेच ओळखेल. लय बाराची आहे, तीन-तीनचे चार गट, म्हणजे दादऱ्याची दोन आवर्तनं. 'धा धी ना, धा ती ना' मांडीवर वाजवत ऐकलं तर चपखल बसतं. नाताळच्या संगीतात मेंढपाळ आले की ही झुलती लय आणि खाली धरलेला सूर बहुतेक येतोच. कोरेल्लीच्या 'ख्रिसमस कन्चेर्टो' या वाद्यरचनेच्या शेवटी आहे, जर्मन संगीतकार बाखच्या 'ख्रिसमस ऑरटोरिओ'च्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाही हीच झुलती लय आहे. 'सायलेंट नाइट' सहाचीच. ते तर १८१८ च्या २४ डिसेंबरला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात पहिल्यांदा गायलं गेलं तेव्हा साथीला फक्त गिटार होती.

हिंमत असेल तर पिफा चालू असताना आजींचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावून बघा. स्वरपट्टी सी मेजर, म्हणजे पेटीची पांढरी एक.

लाइप्झिगचा_जावई · ११ डिसेंबर, संध्याकाळी ६.५२

बाखचं नाव निघालं म्हणून लॉगिन झालो. कामानिमित्त आठ वर्षं जर्मनीत लाइप्झिगला आहे. बाखने 'ख्रिसमस ऑरटोरिओ' याच गावात १७३४-३५ च्या नाताळात वाजवला. सहा भाग, सणाचे सहा वेगवेगळे दिवस, एका दिवशी एकच भाग. आता बऱ्याच ठिकाणी दोन-तीन भाग एका बैठकीत उरकतात आणि मागच्या बाकावर मुलं झोपतात. दोष मुलांचा नाही.

सुरुवात भारी आहे: आधी नगारा एकटाच. कारण ही चाल मुळात एका राणीच्या वाढदिवसासाठी केलेली होती आणि तिथले शब्दच होते 'वाजा रे नगाऱ्यांनो'. बाखने शब्द बदलले, नगारे तसेच ठेवले. मुलांना स्वयंपाकघरातली पातेली द्या. पण अख्खा तुकडा सात-आठ मिनिटांचा आहे, तेव्हा दोन मिनिटांनी हळूच आवाज कमी करायला लाजू नका.

माझ्या मुलीचा लाडका मात्र चौथ्या भागातला प्रतिध्वनीचा तुकडा. एक बाई गाते आणि प्रश्न विचारते, लांबून दुसरी फक्त उत्तर देते: 'नाइन', म्हणजे नाही. पुढे 'या', म्हणजे हो. ओबो या फुंकवाद्याचाही प्रतिध्वनी आहे. आम्ही एका मुलाला बाथरूममध्ये उभं करतो आणि तिथून त्याने उत्तरं द्यायची. हा भाग १ जानेवारीसाठी लिहिलेला आहे, तेव्हा २४ ला जमलं नाही तरी वेळ गेलेली नाही.

इथे थोमास चर्चमध्ये मुलांचा कॉयर मागच्या माडीवर असतो. बाकावर बसलं की गाणारे दिसत नाहीत, आवाज पाठीवर येतो. सुरुवातीला मला विचित्र वाटायचं. आता वाटतं मुलांना असंच ऐकवावं, स्पीकर त्यांच्या पाठीमागे ठेवून. नाहीतर ती स्पीकरकडे टीव्हीसारखी बघत बसतात.

मांडवीपल्याड · १२ डिसेंबर, सकाळी ८.२०

गोव्याहून. सगळे रेकॉर्डिंगचंच बोलताय म्हणून जरा आगाऊपणा करते. जवळच्या चर्चमध्ये कॅरल सिंगिंग, म्हणजे नाताळच्या गाण्यांचा कार्यक्रम, कधी आहे ते विचारा आणि मुलांना घेऊन जा. विचारून गेलं तर कोणी नाही म्हणत नाही. साधे नीट कपडे, मागे बसायचं, प्रसाद वाटतात तसं काही दिसलं तरी रांगेत जायचं नाही, तो त्यांचा विधी आहे. आमच्या शेजारच्या घरातून आम्ही लहानपणी 'मिसा द गालो'ला, म्हणजे मध्यरात्रीच्या मिसा प्रार्थनेला जायचो. गालो म्हणजे कोंबडा. धाकट्या भावाला वर्षानुवर्षं वाटायचं की आत कोंबडा असणार.

इकडे पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळांत मुलं आधी सोल्फा, म्हणजे त्यांचं सा-रे-ग-म, आणि मग व्हायोलिन शिकत. त्यातलेच कितीतरी मुंबईला हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोव्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडेच. त्यामुळे कट्टा साहेब, हे सगळं तुमच्या कानावर लहानपणापासून पडतंच आहे.

समोर चौघं वेगवेगळं गात असतात तेव्हा मूल आपोआप एकाचं तोंड धरून ऐकतं. स्पीकरवर ते शिकवावं लागतं.

तिसरी_घंटा · १२ डिसेंबर, रात्री १०.४०

मांडवीपल्याड, शंभर टक्के.

अजून दोन सुचवते. 'मसाया'त पहिल्यांदा गाणारा गवई येतो, त्याचं दुसरं गाणं: 'एव्हरी व्हॅली'. डोंगर खाली येतील, वाकडी वाट सरळ होईल असे शब्द. 'क्रुकेड' म्हणजे वाकडी या शब्दावर सूर डोलतो आणि 'स्ट्रेट'वर थांबतो. इंग्रजी माध्यमाची मुलं आहेत, शब्द कळतील. हवेत बोटाने वाट काढायला सांग. जाता जाता हेही सांग: १७४२ मध्ये डब्लिनला पहिला प्रयोग होता तेव्हा जागा पुरावी म्हणून बायकांना झग्याखाली घेराचे सांगाडे घालू नका आणि पुरुषांना तलवारी आणू नका अशी जाहिरात दिली होती. आणि तो एप्रिल महिना होता, नाताळ नव्हे.

मुलं चेकाळली तर लिरॉय अँडरसनचं 'स्ले राइड'. तीन मिनिटं. घोड्याच्या टापा, चाबूक, आणि शेवटी घोडा खिंकाळतो, ते ट्रंपेट आहे. घोडा येईपर्यंत पुतळा, खिंकाळला की उडी. बर्फाचं हे गाणं त्याने १९४६ च्या जुलैतल्या उकाड्यात लिहायला घेतलं होतं, म्हणजे मुंबईतल्या डिसेंबरला अगदी योग्य.

आणि पोरं घरी गेली की तू स्वतःसाठी इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचं 'नाइन लेसन्स अँड कॅरल्स', म्हणजे वाचन आणि नाताळगाण्यांची प्रार्थनासभा, लाव. १९१८ पासून चालू आहे, २४ तारखेला तिकडच्या दुपारी तीनला, आपल्याकडे रात्री साडेआठला. सुरुवात एकट्या मुलाच्या आवाजाने होते, साथीला काहीही नाही. कोण गाणार ते त्या मुलांनाही अगदी शेवटच्या क्षणी कळतं.

ओटीवरची_मांजर · २६ डिसेंबर, दुपारी ३.१०

वृत्तांत. आठ म्हटली होती, अकरा आली.

परीला पहिल्या खेपेला कोणीच उत्तर ऐकलं नाही. दुसऱ्यांदा चार वर्षांचा धाकटा ओरडला, "खाली कोणतरी पोट धरून हसतंय!" त्यानंतर बास क्लॅरिनेटचं नाव 'पोटकाका'. त्रेपाकला टीपॉय हलवला होता, कुंडी राहिली. कुंडी गेली. घोड्याची खिंकाळी तीन वेळा लावली. 'एव्हरी व्हॅली'ला मोठ्या मुलींनीच बोटं फिरवली, बाकीचे केककडे बघत होते, तेव्हा ते अर्ध्यात सोडलं. स्पीकर पाठीमागे ठेवायची युक्ती मात्र कमाल होती.

पिफाला गंमत झाली. लेकीने तंबोरा चटकन ओळखला. सासूबाई कौतुकाने आपलं यंत्र घेऊन आल्या, पांढरी एक लावली आणि अक्षरशः कानात खडे. सूरधऱ्या, तुमची पट्टी चुकली की आमचं यंत्र?

सूरधऱ्या · २६ डिसेंबर, संध्याकाळी ५.४५

दोन्ही नाही. तुम्ही जुन्या पद्धतीच्या वाद्यांवरचं रेकॉर्डिंग लावलं असणार. ती मंडळी त्या काळासारखा सूर साधारण अर्धा स्वर खाली लावतात, आजच्या ४४० हर्ट्झऐवजी ४१५ वर. मी सांगायला हवं होतं. पांढरी सात लावून बघा.

ओटीवरची_मांजर · २६ डिसेंबर, रात्री ९.३०

लावली. बसला सूर. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या, मध्येच म्हणाल्या, "हा वाजवणारा घाईत नाहीये." लेक मांडीवर दादरा धरून होती. धाकट्याला आता १ तारखेला बाथरूममध्ये उभं राहून 'नाइन' म्हणायचंय, आत्तापासून प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर चालू आहे. जेवायला चल म्हटलं तरी.